मदत हवी आहे: समाजमंदिराचं जोतं उंच, रॅम्पला जागा अपुरी

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात ३० बाय २० फुटांचं समाजमंदिर बांधायचंय. आराखडा गावानंच ठरवला. फक्कीनं जमिनीवर खोल्या आखल्या, बायाबापड्यांना, म्हाताऱ्यांना त्यात फिरवलं. बचत गटाच्या बायकांनी समोर बसायला ओटा मागितला. भिंती दगडाच्या नकोत, हे जुन्या माणसांनी ठामपणे सांगितलं. १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्यांनी पाहिलाय. ते लगेच मान्य झालं.

अडलंय रॅम्पपाशी. गावात दोघं तीनचाकीवर आहेत, त्यांना कुणी उचलून न्यावं लागू नये ही सगळ्यांची इच्छा. जमीन काळी, पावसात दीड फूट पाणी साचतं, म्हणून अभियंत्यांनी जोतं ३ फूट धरलंय. १:१२ उतारानं (१ फूट चढायला १२ फूट लांबी) रॅम्प ३६ फूट होतो, समोर जागा २४ फूटच. बाजूला लिंब आणि त्याचा पार आहे, तो तोडायचा नाही. मागं गटार.

मध्ये वळण घेऊन १८-१८ फुटांचे दोन भाग आखून पाहिले. वळणावरचा ५ फुटांचा सपाट भाग धरून लांबीत बसतं, पण रुंदीत बायकांचा ओटा जातो. उतार वाढवायचा नाही, हातानं तीनचाकी चढत नाही. दुसरा पर्याय म्हणजे जोतं २ फुटांवर आणून भोवती पाण्याला चर काढायचा. मग रॅम्प २४ फुटांतच होतो, पण वर-खाली वळायला जागा उरत नाही.

काळ्या जमिनीत २ फुटांचं जोतं आणि चर कुणी केलाय का? दोन-चार पावसाळ्यांत पाणी आत आलं का? की वळणाच्या रॅम्पचा कठडाच रुंद करून बसायला ओटा काढता येईल?