पाय मोडलेल्या मांजरीसाठी गावात वर्गणी काढावी का?

वावरातली ताई (आर्वी तालुका)
गावाबाहेर जुन्या कोठ्यात एक नवरा-बायको मोकाट जनावरांचा निवारा चालवतात. कुत्री जास्त, मांजरं थोडी. तिथल्या तिरंगी मांजरीचा मागचा पाय सोयाबीनची ट्रॉली मागे घेताना चाकाखाली आला. मांडी सुजली आहे, पंजा घासत चालते, जखम चाटून ओलीच ठेवते. तालुक्याच्या डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि एक्स-रेसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायला सांगितलं. गाडीभाडं, लागलं तर ऑपरेशन, आणि नंतर कुत्र्यांपासून दूर एखादं घर, एवढं पाहिजे. गावानं वर्गणी करावी असं माझं मत. ट्रॉली गावातलीच होती, आणि कोठीतले उंदीर मारणारी मांजरंही गावचीच.

कापूसवाला कास्तकार
ताई, तुमचा जीव तुटते हे समजते, पण मी नाही म्हणीन. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा माहा गोऱ्हा गेला. कोणी वर्गणी काढली नाही. ज्या बैलावर घर चालते त्याच्यासाठी डॉक्टर वेळेवर भेटत नाही, अन् मांजरीले नागपूर? दुसरं, मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते. आज एकीवर पैसे घालाल, तोवर कोठ्यात पिल्लं वाढतील. तेच पैसे बाकीच्यांच्या नसबंदीले लावा. माया एकीवर अन् त्रास दहांना, हे मले पटत नाही.

औषधी दुकानवाला
वाद चालू द्या, पण एक आधी ऐका. दया येऊन कोणी तिला माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरीला ते औषध पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो. जखमेत अळ्या पडल्या तर ढोरांना टर्पेंटाईन लावतात, काही जण फिनाईल ओततात. मांजरीला दोन्ही नको. ती अंग चाटते, सगळं पोटात जातं. अळ्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या.

दोन लेकरांची आई
घर कोण देणार? माझ्याकडे खोली आहे, पण पोट्टे लहान आहेत. दुखणाऱ्या मांजरीला हात लावला की ती चावणारच. रेबीजचं काय?

वावरातली ताई
भीती रास्त आहे. चावलं-ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस सुरू करायची. मांजरीलाही रेबीजची लस टोचून घेऊ. पण ती बरी होईपर्यंत लहान लेकरांच्या घरी देऊ नये, हे तुमचं खरंच.

कास्तकार भाऊ, तुमच्या गोऱ्ह्याच्या वेळी गावानं उभं राहायला पाहिजे होतं. तेव्हा राहिलं नाही म्हणून आताही राहू नये, हे मला मान्य नाही. आणि प्रत्येक मोडीला ऑपरेशन लागतच असं नाही. कमरेचं हाड मोडलं असेल तर पिंजऱ्यात चार-सहा आठवडे ठेवूनही कधी कधी जुळतं. पाय काढावाच लागला तरी तीन पायांची मांजर घरात चांगली जगते. एक्स-रेशिवाय यातलं काहीच कळणार नाही, आणि तोवर ती दुखणं सहन करत पडून राहणार. हे मला बघवत नाही.

तरणा पोट्टा, कारंजा घाडगे
माही गाडी सोमवारी नागपूरले रिकामीच चालली. भाडं नको. टोपलीवर जाळी घट्ट बांधून द्या.

कापूसवाला कास्तकार
एक्स-रेपुरते पैसे मी देतो, दुखण्यात ठेवा असं माहं म्हणणं कधीच नव्हतं. पण ऑपरेशनची वर्गणी काढाल तर कोठ्यातल्या बाकी मांजरींच्या नसबंदीचा खर्च त्यातच धरा. तेवढं ठरल्याबिगर ऑपरेशनले माहा विरोध कायम.