लांब केसांमुळे मी वयापेक्षा मोठा दिसतोय का? (वय ४४)

वाटसरू४४

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटा आहे पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतोय. वय ४४. कॉलेजात असताना तीन वर्षं केस खांद्यापर्यंत होते, मग नोकरी लागली आणि कापले, त्यानंतर कायम बारीकच. अडीच वर्षांपूर्वी घरून काम सुरू झालं, एक-दोनदा कापायचं राहून गेलं आणि लक्षात आलं की मला हे आवडतंय, मग ठरवूनच वाढवले. आता खांद्याला टेकतात. रोज सकाळी विंचरताना इतकं बरं वाटतं की सांगता येत नाही, इतकी वर्षं उगाच कापत राहिलो असं वाटतं.

आता झालं असं की टीममध्ये नवीन आलेल्या एकाने बोलता बोलता माझं वय बावन्न-त्रेपन्न धरलं. वाईट हेतूने नाही, तो निवृत्तीच्या प्लॅनिंगबद्दल काहीतरी विचारत होता आणि सहज बोलून गेला. तेव्हा हसलो पण घरी येऊन जुने फोटो काढून बसलो. तीन वर्षांपूर्वीचा बारीक केसांचा फोटो आणि आत्ताचा शेजारी ठेवला तर खरंच आठ-दहा वर्षांचा फरक वाटतोय! गंमत म्हणजे त्याच दिवशी केस बांधून काढलेला फोटो तेवढा म्हातारा नाही वाटत.

माहितीसाठी: केस सरळ आणि बारीक पोताचे, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांना मागे गेलेत, मधला भाग अजून टिकून आहे. कानशिलांवर पांढरे. दाढी ठेवतो, ती अर्धी पांढरी. भांग मधोमध पाडतो, कॉलेजपासून तसाच.

लांब केसांनी पुरुष मोठा दिसतो हे खरं आहे का, की माझ्याच बाबतीत काहीतरी चुकतंय? कापायची इच्छा नाहीये पण कुणी नीट कारण सांगितलं तर ऐकेन.

मृगजळ

सरसकट खरं नाही. माझा नवरा ५१ चा आहे, केस मानेपर्यंत, दाट आणि कुरळे, आणि लोक त्याला चाळिशीचा समजतात. माझ्या दिराचे त्याच लांबीचे पण सरळ आणि विरळ, तो चार वर्षांनी लहान असून मोठा वाटतो. तेव्हा लांबीपेक्षा दाटपणा बघा.

कात्रीवाला

१९ वर्षं केस कापतोय, त्यात लांब केसवाले पुरुष भरपूर, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. बांधल्यावर कमी वय वाटतं असं म्हणालात ना, लांबी तर तीच आहे, मग बदललं काय? बदलली ती चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली येणारी रेघ. चाळिशीनंतर चेहऱ्यात सगळं खाली यायला लागतं, कानशिलं आणि गाल थोडे आत जातात, नाकापासून जिवणीच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, जबड्याची कड सैल होते. आता अशा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना सरळ, चपटे केस पडद्यासारखे लोंबले की नजर त्या रेघेबरोबर खाली उतरते आणि नेमक्या त्याच घड्यांवर जाते. विशीत तेच केस शोभत होते कारण खाली उतरलेलं काही नव्हतंच. त्यात मधोमध भांग म्हणजे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे केस बाजूला सारून ते कोपरे उघडे टाकणं, आणि टाळूवर पांढरी रेघ दिसते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. केस बारीक पोताचे असले की लांबी वाढेल तसे स्वतःच्या वजनाने ते मुळाशी चापून बसतात. डोक्याचा वरचा भाग सपाट, खाली कानाजवळ फुगलेलं, हा आकार म्हातारा दिसतो, मग केस कितीही लांब असोत की आखूड. वर उंची आणि बाजूंना कमी हा आकार तरुण दिसतो. बारीक कट केलेले पुरुष तरुण वाटतात त्याचं खरं कारण हेच आहे, बाजू बारीक आणि वर भर, लांबी कमी असण्याशी त्याचा तेवढा संबंध नाही.

तिसरं, टोकं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तुमच्या खांद्यावरचं टोक दोन वर्षांहून जुनं आहे, शेकडो वेळा धुतलंय, उन्हात तापलंय, टॉवेलने घासलंय. त्याला फाटे फुटणारच. पुरुष केस वाढवायला लागले की एक चूक हमखास करतात, वर्ष-वर्ष कात्रीच लावू देत नाहीत, लांबी जाईल म्हणून. मग खालचा दीड-दोन इंच भाग झिरझिरीत होतो, उजेडात आरपार दिसतो, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही पण 'थकलेला दिसतोय' असं वाटून जातं. दर तीन महिन्यांनी अर्धा इंच काढला तरी वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर लांबी वाढते, गमवत काही नाही.

आता सांगा, तुम्ही शेवटची कात्री कधी लावली होती?

दोनडगरी

कापून टाका. मी ४६ व्या वर्षी कापले, लगेच फरक पडला, घरचे पण म्हणाले.

वाटसरू४४

@कात्रीवाला, खरं सांगायचं तर अडीच वर्षांत एकदाही नाही... टोकं हातात धरून खिडकीसमोर बघितली आत्ताच, तुम्ही म्हणताय तशीच आहेत, आरपार दिसतंय. हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं कारण आरशात आपण समोरून बघतो.

चर्मचिकित्सक

मी त्वचारोग विभागात काम करते, वरच्या उत्तरात एक भर घालायची आहे कारण लोक बहुतेक वेळा फक्त स्टाइल बदलतात आणि मूळ गोष्ट सुटते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं स्वतःचं चक्र चालू असतं, वाढीचा काळ दोन ते सहा वर्षं, मग दोन-तीन आठवडे थांबण्याचे, मग सुमारे तीन महिने विश्रांतीचे आणि गळणं. रोज पन्नास ते शंभर केस जाणं नॉर्मल आहे, लांब केसवाल्याला ते जास्त वाटतात कारण एकेक केस ठळक दिसतो, घाबरू नये. पण पुरुषांमधलं अनुवंशिक टक्कल असतं तेव्हा डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे कपाळावरच्या आणि भोवऱ्याजवळच्या केसांच्या मुळांचा हा वाढीचा काळ प्रत्येक चक्रात आखडत जातो, आणि केस जाडीलाही कमी कमी होत जातो. म्हणजे समोरचा केस खांद्यापर्यंत पोचायच्या आधीच गळतो. कानामागचे आणि मानेवरचे केस यातून सुटतात, ते पूर्ण वाढतात. परिणामी मागे लांब आणि समोर तुटक, उडणारे, आखूड केस. विशीत जी लांबी एकसारखी यायची ती ४४ व्या वर्षी तशी येत नाही याचं कारण बहुतेक वेळा हे असतं, निगा कमी पडली म्हणून नव्हे.

हे फार जणांना होतं, पन्नाशीपर्यंत निम्म्या पुरुषांमध्ये कमी-जास्त प्रमाणात दिसतं, त्यामुळे मनाला लावून घेण्यासारखं नाही. पण उपचार करायचा असेल तर लवकर सुरू केलेला चांगला, कारण आहे ते टिकवणं सोपं, गेलेलं परत आणणं अवघड. मिनॉक्सिडिल (केस वाढीसाठी डोक्याला लावायचं औषध) लावायला सुरुवात केली की पहिले काही आठवडे उलट जास्त गळतात, तिथेच बरेच जण सोडून देतात, खरा फरक कळायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं टिकत नाही. फिनास्टराइडच्या (डीएचटी कमी करणाऱ्या) गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, लैंगिक दुष्परिणामांबद्दल आधी नीट बोलून घ्या.

आणि बांधल्यावर छान दिसतो म्हणून रोज घट्ट बांधायला लागू नका. सतत ताण पडून कपाळाच्या कडेचे केस जातात, सुरुवातीला ते परत येतात पण वर्षानुवर्षं ताण राहिला तर मूळच मरतं. तुमचे कोपरे आधीच मागे आहेत, तुम्हाला हे जास्त लागू. सैल बांधा, रबर न वापरता कापडी बँड वापरा, आणि पोनी रोज त्याच जागी नको.

दूरचा_दिवा

मी दोनडगरी यांच्याशी सहमत नाही, माझा अनुभव लिहितो. मी २३ वर्षं केस लांब ठेवले होते. ४७ व्या वर्षी एका मुलाखतीच्या आधी सगळ्यांनी सांगितलं म्हणून कापले. तरुण दिसायला लागलो का? हो, पाचेक वर्षांनी नक्की, सगळे म्हणाले. पण मला आरशात ओळखीचं कुणी दिसेना. पाठीमागे हात जायचा आणि रिकामा परत यायचा, हे महिनोन् महिने चाललं. शेवटी परत वाढवले. आता ५३ चा आहे आणि ५३ चाच दिसतो, त्याचं काही वाटत नाही. म्हणून म्हणतो, आधी हे ठरवा की तुम्हाला वय कमी दाखवायचंय की नीटनेटकं दिसायचंय. केस लांब ठेवून नीटनेटकं दिसता येतं. पण सरळ, विरळ, खांद्यापर्यंतचे केस ठेवून ४४ चे पस्तीस दिसणार नाही, ते कुणालाच जमत नाही.

एक मात्र नक्की टाळा, मागचे केस पुढे ओढून कपाळ झाकणं. रोमचा ज्युलियस सीझर टाळूवरचे विरळ केस पुढे विंचरायचा आणि टक्कल झाकलं जातं म्हणून त्याला लॉरेलच्या पानांचा मुकुट घालायला विशेष आवडायचं असं रोमन इतिहासकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय. दोन हजार वर्षांनीही लोकांना कळतं तो काय लपवत होता ते. तुमचे कोपरे मागे गेलेत तर जाऊ देत, उघडे कोपरे दाट बाकीच्या केसांबरोबर वाईट दिसत नाहीत, झाकलेले दिसतात.

मृगजळ

दाढीचं कुणी बोललंच नाही! लांब केस आणि लांब अर्धी पांढरी दाढी दोन्ही एकत्र असलं की चेहरा उरतोच कुठे, फक्त डोळे आणि नाक. पांढरं हनुवटीवर सगळ्यात जास्त असतं आणि तेच चेहऱ्याच्या सगळ्यात खाली, परत नजर खालीच. नवऱ्याने दाढी बारीक केली, गालावरची कड साफ ठेवली, तेवढ्यानेच खूप फरक पडला, केसांना हातही लावला नाही.

कात्रीवाला

@मृगजळ अगदी बरोबर, मी लिहायचं विसरलो. दोन्हीपैकी एकच मोकळं सोडावं. केस लांब तर दाढी आखूड आणि कडा कोरलेल्या.

@वाटसरू४४ कापायला जाल तेव्हा 'थोडेसे कापा' असं सांगू नका, ज्याला सांगता तो सरळ एका रेषेत अर्धा इंच उडवून मोकळा होतो. असं सांगा: खांद्याच्या वर, कॉलरबोनला लागणार नाही इतके; खालची रेघ सरळ आणि भरीव, कारण बारीक केसांना खाली फार पातळ केलं की अजून विरळ दिसतात; लेयर्स फक्त चेहऱ्याच्या बाजूला, गालाच्या हाडापासून सुरू, जेणेकरून समोरचे केस मागे वळतील. वस्तऱ्याने पातळ करू देऊ नका. भांग मधून काढून टाका, भोवऱ्याच्या दिशेने बघा कुठल्या बाजूला केस आपोआप पडतात, तिकडे, आणि भांगाची रेघ सरळ नको, बोटांनीच पाडा. पांढरे रंगवायची घाई नको, सगळे एकसारखे काळे झाले की थकलेल्या चेहऱ्याशी त्यांचा मेळ बसत नाही आणि मुळं दोन आठवड्यांत दिसतात. कंडिशनर फक्त कानाच्या खाली, मुळाला लावला की आहे तीही उंची बसते. धुतल्यावर डोकं खाली घालून मुळं वाळवा, टोकं आपोआप वाळू देत.

वाटसरू४४

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी लिहितोय म्हणून काय केलं ते सांगतो.

दोन इंचांहून थोडे जास्त कापले, कात्रीवाल्यांनी लिहिलेलं तसंच वाचून दाखवलं. खाली पडलेले केस बघून पोटात गोळा आला होता हे कबूल करतो, पण उरलेले हातात धरले तर दुप्पट दाट वाटले. भांग डावीकडे नेला, पहिला आठवडा केस ऐकत नव्हते, परत मधे पडायचे, आता बसलेत. दाढी मशीनच्या सगळ्यात छोट्याच्या वरच्या नंबरवर. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं, समोरच्या भागात चर्मचिकित्सक म्हणतात तेच निघालं, मिनॉक्सिडिल सुरू केलंय, गळणं वाढलंय पण आधी माहीत होतं म्हणून घाबरलो नाही.

त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी परत फोटो काढला. पस्तीसचा नाही दिसत, पण बावन्नचा पण नाही. दूरचा_दिवा, तुमचं वाचून एक गोष्ट मनाशी पक्की झाली की सगळे कापणार नाही, निदान समोरचे पूर्ण जाईपर्यंत तरी नाही, तेव्हाचं तेव्हा बघू. एक प्रश्न राहिलाय, झोपताना मोकळे ठेवू की सैल वेणी? उशीवर सकाळी गुंता होतो आणि सोडवताना बरेच तुटतात.

चर्मचिकित्सक

सैल वेणी, आणि केस पूर्ण वाळल्यावरच. ओले केस जास्त ताणले जातात आणि तुटतात. गुंता टोकांकडून वर सोडवत या, मोठ्या दातांच्या कंगव्याने. चार महिन्यांनी पुन्हा तोच फोटो काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आरशावर विश्वास ठेवू नका.