स्नेहसंमेलन नववीच्या मुलांकडे का सोपवत नाही?

कोरा_कागद
डिसेंबर आला की माध्यमिक शाळांत गॅदरिंगची धामधूम. लेकीच्या शाळेत नाच बसवायला बाहेरून सर येतात, गाणी तेच निवडतात, कपडे भाड्याचे, निवेदन बाईंनी लिहिलेलं. मुलं सांगितलेल्या जागी उभी राहतात. यात मुलांचं स्वतःचं काय?

माझं स्पष्ट मत आहे की कार्यक्रम नववीकडे द्यावा, पैशांसकट. समजा 20 हजार रुपये आहेत. त्यात मंडप, साउंड, खाऊ बसवायचा. बसला नाही तर काय कापायचं, हे त्यांनीच भांडून ठरवावं. आठवीचा नाच लांबतोय म्हणून मैत्रिणीला तोंडावर 'दोन मिनिटं कमी कर' सांगावं लागलं, की नेतृत्व म्हणजे काय ते कळतं. सुट्टीतल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात हे येत नाही.

खडू_फळा
मी नववीची वर्गशिक्षिका. वर्गात 60च्या वर मुलं. स्टेजमागच्या उघड्या वायरला कुणाचा हात लागला तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं, विद्यार्थी प्रतिनिधीला नाही.

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. मुलांवर सोडलं की ज्यांचा आवाज मोठा तीच चार-पाच जणं सगळं घेतात. मागच्या बाकावरच्या अबोल मुलीला आम्ही हाताला धरून माइकपर्यंत नेतो. वर्गमित्र नेत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. तुम्ही ज्याला मोकळीक म्हणता, ती तिच्यापर्यंत पोचतच नाही.

घाटावरचा
बाईंशी सहमत, पण मोठ्यांची लुडबुड किती असावी? इन्स्पायर-मानक योजनेत मुलांकडून नव्या कल्पना मागवतात, निवड झाली की मॉडेलसाठी 10,000 रुपये मिळतात. योजना उत्तम. पण जिल्हा प्रदर्शनात एका चकचकीत मॉडेलपाशी उभ्या मुलाला मी विचारलं, 'ही मोटर उलटी फिरवायची तर काय करशील?' तो वडिलांकडे बघायला लागला. शेजारच्या टेबलावर सायकलची चेन आणि पत्र्याचा डबा जोडून केलेलं शेंगा फोडायचं यंत्र होतं. ते मध्येच अडकत होतं, पण का अडकतंय ते त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं.

निकालवाला
दहावीत या गोष्टींना गुण द्या, शाळा आपोआप करतील. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला, खेळाला वाढीव गुण आहेतच ना?

खडू_फळा
@निकालवाला, गुण आले की फाइल येते, आणि फाइल पालक भरतात. 2019च्या दहावीला भाषांचे अंतर्गत 20 गुण काढले. आदल्या वर्षी 89.41 टक्के असलेला निकाल 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. शाळेच्या हातातल्या गुणांचं काय होतं, हे त्यावरून दिसलं. नेतृत्वाचेही सगळ्यांना 20 पैकी 19 पडतील.

निकालवाला
पण गुण नसतील तर नववीतच क्लास लावलेले पालक मुलाला तालमीला थांबू देतील का? माझ्या ओळखीत तरी कुणी देत नाही.

कोरा_कागद
गुणांना माझाही विरोध आहे. @खडू_फळा, अबोल मुलीचा मुद्दा मान्य. मग कामं चिठ्ठ्या टाकून वाटा. हिशेब, वेळापत्रक, रंगमंच, स्वागत. दरवर्षी तीच मुलगी निवेदिका होणार नाही. वीज आणि मुलांना घरी पोचवणं मोठ्यांकडेच राहू द्या.

खडू_फळा
चिठ्ठ्या चालतील. पैसे नाही. पालकांची वर्गणी असते, दहा रुपये इकडेतिकडे झाले तरी त्या पोराला वर्षभर चोर म्हणतील. ते वय फार हळवं असतं.

कोरा_कागद
पैसे तुमच्या कपाटात ठेवा, बाई. पण तीन मंडपवाल्यांकडून दर मुलांनी आणावेत, कुणाला काम द्यायचं ते मुलांनी ठरवावं, आणि त्यांनी ठरवलेलं तुम्ही बदलू नये. एवढं कराल?

खडू_फळा
दर आणू देत. महागडा निवडला तर कारण विचारेन, आणि ते पटलं तर सही करेन. न पटताही सही करा म्हणाल, तर माझं उत्तर नाही.