चेअरलिफ्टवर अनोळखी माणसाशी बोलावं का गप बसावं?

आर्वीवाला:
राम राम मंडळी. आर्वीजवळच्या खेड्यातला हाये. हरभरा निघाला का मार्चात आठ दिवस गुलमर्गले स्कीइंगले पळतो, घरचे म्हणते याले बरफाचं याड लागलं. गावातून कोणी सोबत येत नाही म्हणून एकटाच. आता आपल्या आर्वी-पुलगाव यष्टीत शेजारी कोणीबी बसो, पाच मिनिटात त्याचं गाव, सोयरे, कापसाचा भाव सगळं निघते. पण तिथल्या कोंगडोरीच्या चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या उघड्या खुर्चीवर, बसून समोरचा अडवायचा दांडा खाली ओढला का माझ्या तोंडाले कुलूप! पाय लोंबकळत, त्याले स्की बांधलेल्या, बाजूचा माणूस हेल्मेट-गॉगलात, डोळेच दिसत नाही तं हसला का रागावला समजते कसं? मागच्या साली एका बाईनं विचारलं "फर्स्ट टाइम?" तं मी "यस" म्हणून मोकळा, अन् तो माझा सहावा दिवस होता. कसे बोलता बाप्पा तुम्ही लोक?

काटोलची_संत्री:
बरफाचं विचारायचं, दुसरं काही नाही. मार्चात रात्री बरफ गोठतो, सकाळी काचेसारखा कडक, मग ऊन लागलं की वरचा थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो, खरी मजा तेवढ्या दोन-तीन तासांची, दुपारनंतर पार चिखल. त्यामुळे "वरचा सुटला का हो?" एवढं म्हटलं की समोरचा आपोआप बोलायला लागतो, कारण त्यालाही तेच जाणून घ्यायचं असतं. पगार किती, लग्न झालं का, हे यष्टीसाठी ठेवा 😄

गप्प_बसणारी:
मी तर एकटी जातेच यासाठी की कोणी बोलू नये. कानात इअरफोन दिसला तर समजून घ्या दादा.

बंडीवाला:
ताईचं बरोबर हाये, पण माझं मत सांगतो. गंडोलाच्या, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यात सहा जण समोरासमोर, तिथं मलेबी अवघडते, नजर कुठं ठेवाव? चेअरवर तसं नाही, दोघंबी समोर पाहतो, जसं बंडीवर धुऱ्यानं जाताना बोलणं आपोआप सुचते, अन् नाही सुचलं तं डोंगर पाहत बसा, कोणाले राग येत नाही. फक्त शेवटचा खांब आला का गोष्ट अर्धीच सोडायची, दांडा वर, स्कीची टोकं वर. मी एका काश्मिरी काकाले संत्र्याचा आंबिया-मृग बहार, म्हणजे झाड फुलायचे दोन हंगाम, समजावून सांगत होतो, ते सफरचंदाचं सांगत होते, उतरायचं दोघांच्याबी ध्यानात नाही, धपकन पडलो अन् लिफ्ट थांबवावी लागली. मागच्या चेअरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या ना!

आर्वीवाला:
हाहा, साबुदाण्याचं लक्षात ठेवतो. यंदा संत्रा बर्फी नेऊन रायलो, बाजूच्याले देईन म्हणतो.

काटोलची_संत्री:
खाली लायनीतच द्या हो. वर ग्लोव्ह काढायला गेलात आणि हातातून सुटला तर तो काही परत मिळत नाही, माझा एक अजून तिथंच कुठंतरी पडला असेल.