फायली मोजू नका, घड्याळ बघा

बराच वेळ चालणारी स्क्रिप्ट कुठवर आली हे कळावं म्हणून दर १०० फायलींमागे एक ओळ छापायचा उपाय चालतो, पण सगळ्या फायली सारख्याच आकाराच्या असतील तरच. मी स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचा ढीग लहान करत होतो, तेव्हा कधी सेकंदाला दोन ओळी, तर कधी वीस मिनिटं चिडीचूप. स्क्रिप्ट मेली समजून मी एकदा ती चालू असतानाच बंद केली!

बॅशमध्ये (म्हणजे स्क्रिप्टमधल्या कमांड चालवणाऱ्या शेल या प्रोग्रॅमच्या एका प्रकारात) 'सेकंड्स' नावाचं तयार व्हेरिएबल असतं (सगळी अक्षरं कॅपिटल). शेल सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले, ते त्यात मिळतं. पुढची ओळ कधी छापायची तो आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. प्रत्येक फेरीत तुलना करा, वेळ उलटली की छापा आणि आकड्यात ३० मिळवा. दर फेरीला 'डेट' कमांड बोलावली तर प्रत्येक वेळी नवी प्रोसेस उभी राहते, ते इथे टळतं. मात्र डॅश या दुसऱ्या शेलमध्ये हे व्हेरिएबल नाही, त्यामुळे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, म्हणजे ती कुठल्या शेलने चालवायची ते सांगतो तिथे, बॅशच लिहा.

ओळ स्टँडर्ड एररवर (सूचना आणि चुका छापायच्या वेगळ्या वाटेवर) पाठवा, नाहीतर स्क्रिप्टचं आउटपुट पाइपने दुसऱ्या कमांडला देत असाल तर तिच्या ताटात तुमचा हा मजकूरही पडेल.

स्क्रिप्टने काम कुठवर आलं ते विचारल्यावरच सांगायचं असेल तर 'ट्रॅप' कमांडने यूएसआर१ सिग्नल (चालू प्रोसेसला बाहेरून पाठवायचा इशारा) पकडा. हातातली कमांड संपल्यावरच बॅश उत्तर देतो. आणि हो, ट्रॅप लावायच्या आधी सिग्नल पोचला तर स्क्रिप्टच गचकते.