यूटीएफ-८ चा दोष नाही

देवगडच्या आंबा-ऑर्डर ॲपमध्ये दरांच्या जेसनऐवजी (सर्व्हरकडून मजकूररूपात येणारा डेटा) कचरा दिसतो, असा प्रश्न आहे. त्यावर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) तपासा असं वर सुचवलंय, पण मला तो अक्षरांचा घोळ वाटत नाही. आलेले बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) छापून बघा. सुरुवात १एफ ८बी अशी असेल, तर तो चक्क जीझिप, म्हणजे दाबून लहान केलेला डेटा आहे, कुणी उलगडलेलाच नाही.

कोड गो लँग्वेजमध्ये आहे आणि ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर (कुठल्या पद्धतीने दाबलेलं उत्तर चालेल हे सर्व्हरला सांगणारी ओळ) हाताने टाकलाय म्हणालात ना? मेख तिथेच आहे. तो हेडर गो स्वतः लावतो तेव्हा उत्तर उलगडूनही देतो. तुम्ही लावलात, की मग तुमचं तुम्ही बघा. ती ओळ काढा, बहुतेक काम होईल. ब्रॉटली (दाबायची दुसरी पद्धत) हवंच असेल तर वेगळी लायब्ररी लागेल, गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत ते नाही.

सर्व्हरवरचं कॉम्प्रेशनच बंद करा, हा सल्ला मात्र काही पटला नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्यांत रेंजची एखादीच दांडी मिळते (तीही आगराच्या टोकाला गेल्यावर), तिथे हे वाचलेले केबी कामाचे. फक्त पेट्यांचे जेपेग फोटो वगळा, ते आधीच दाबलेले असतात. आणि मध्ये कॅश (उत्तराची प्रत साठवून तीच पुढच्यांना देणारा थांबा) असेल तर उत्तराच्या व्हेरी हेडरमध्ये (उत्तर कशानुसार बदलतं ते कॅशला सांगणारी ओळ) ॲक्सेप्ट-एन्कोडिंग लिहा, नाहीतर जीझिप न कळणाऱ्यालाही कॅशमधला जीझिपच मिळेल.