मदत हवी आहे: पुण्याचा फ्लॅट विकला, मेडिकेअरचा हप्ता दुप्पट झाला

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं न्यू जर्सीत, निवृत्त, मेडिकेअरवर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा). २०२४ साली बाबांचा कोथरूडचा फ्लॅट विकला. एरवी आमचं उत्पन्न ९० हजार डॉलरच्या आसपास. त्या वर्षी रिटर्नवर २ लाख ९५ हजार दिसलं. आता सोशल सिक्युरिटीचं (हा हप्ता ठरवणारं सरकारी खातं) पत्र आलंय: २०२६ मध्ये पार्ट बीचे (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) महिना २०२.९० ऐवजी ४०५.८० डॉलर, तेही प्रत्येकी! पार्ट डीवरचा (औषधांचा भाग) अधिभार आणखी वेगळा. भारतात कर भरून इथे फॉरेन टॅक्स क्रेडिट (तिकडच्या कराची इथल्या करात वजावट) घेतलं होतं, तरी हे कसं? एसएसए-४४ फॉर्म (उत्पन्न घटलं म्हणून हप्ता कमी करायचा अर्ज) भरून काही होईल का? की हा भुर्दंड आता कायमचा?

प्रतिसाद: कायमचा नाही हो. याला इर्मा म्हणतात, म्हणजे जास्त उत्पन्नावरचा अधिभार. दोन वर्षं मागचं रिटर्न बघतात, त्यामुळे २०२५ चं उत्पन्न नेहमीसारखं असेल तर २०२७ ला हप्ता आपसूक खाली येईल. क्रेडिटने कर कमी होतो, उत्पन्नाचा आकडा तेवढाच राहतो. एसएसए-४४ ला निवृत्ती, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू अशी ठरावीक कारणं लागतात. आपणहून घर विकणं त्यात बसत नाही.

दुसरा प्रतिसाद: थांबा, फ्लॅट बाबांचा म्हणताय. वारशाने आला की बक्षीसपत्राने? वारशाने असेल तर अमेरिकेत बाबा गेले त्या दिवशीचा बाजारभाव हीच तुमची खरेदी किंमत. भारतात मात्र बाबांची जुनी किंमत धरतात, म्हणून तिकडे नफा फुगतो. तोच आकडा इकडे उतरवलाय का बघा.

धागाकर्ता: बाबा २०१९ ला गेले, मृत्युपत्राने माझ्याकडे आला. आत्ताच रिटर्न काढून पाहिलं. इथल्या कर सल्लागाराने पुण्याच्या सीएंचाच आकडा डॉलर करून टाकलाय!

दुसरा प्रतिसाद: मग फॉर्म ४४ विसरा. २०१९ चा भाव मूल्यांककाकडून लेखी घ्या आणि १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरा. मुदत साधारण तीन वर्षं. दलाली, वकिलाची फी वजा करायला विसरू नका, कारण जोडप्याचं उत्पन्न २ लाख १८ हजारांच्या वर एक डॉलर गेलं तरी अधिभाराची पहिली पायरी लागते. क्रेडिटचं गणितही बदलेल. दुरुस्त रिटर्न आणि ते स्वीकारल्याचा आयआरएसचा (इथलं कर खातं) कागद दिला, की सोशल सिक्युरिटी हप्ता पुन्हा ठरवते.

धागाकर्ता: २०१९ चा भाव आता कोणी देईल?

दुसरा प्रतिसाद: देतात की. त्या वर्षी आसपास नोंदणी झालेले व्यवहार बघून मागच्या तारखेचं मूल्यांकन करतात. मृत्यूचा दाखला आणि इंडेक्स टूची (दस्तनोंदणीचा उतारा) प्रत हाताशी ठेवा.